हळद लावलेली जीप

दोन हजार चोवीस साल होतं आणि मला बहात्तरावं लागलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही दोघं नवराबायको आमच्या जुन्या जीपमधून मखमलाबादहून सटाण्याला गेलो आणि परत आलो. अंतर काही फार नाही. लोक सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येतात. पण आमचा प्रवास सांगण्यासारखा झाला, म्हणून लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथीतही मी वर्गात कमी आणि मोटारस्टँडवर जास्त होतो. शुद्धलेखनाच्या चुका नातीने काढल्या आहेत. बाकीचं तिला हात लावू दिलेला नाही.

आधी जीप कुठून आली ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्या सासऱ्यांना दोन मुली, मुलगा नाही. सटाण्याच्या अलीकडे त्यांचा मळा. बारमाही विहीर, कांद्याचं रान, बांधावर आंब्याची झाडं. थोरली मला दिली. लग्न झाल्यावर त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि चार लोकांसमोर म्हणाले, "जावईबापू, इथंच ऱ्हा. हे सगळं तुमचंच हाय." म्हणजे घरजावई व्हा. मी तेव्हा पेठच्या रस्त्यावर दुसऱ्याची गाडी चालवत होतो, अंगात रग होती. मी म्हणालो, "मामा, तुमच्या घरी पाव्हणा म्हणून जेवीन. पण या मळ्यातली कांद्याची पातसुद्धा मी माझ्या घरी नेणार नाय." निघताना त्यांनी त्यांच्या जीपची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "ही मळ्यातली नाय. ही रस्त्यावरची हाय. हिला तरी नाय म्हणू नका."

पुढे धाकटी सुमन दौलतला दिली. तो राहिला. त्याला मळा मिळाला, मला जीप.

त्या जीपवर मी पोरं वाढवली. पहाटे मखमलाबादची फुलं आणि भाजी नाशिकच्या बाजारात टाकायची, मग पेठच्या रस्त्याला पॅसेंजर. सावळघाटाचं एकेक वळण मला तोंडपाठ आहे. आणि बोललो ते पाळलं. ही दर आखाजीला माहेरी जाते, येताना आपल्या पिशवीतून कांदे आणते. ते आमच्या स्वयंपाकघरात एका टोपलीत असतात. शेजारी दुसरी टोपली आहे, तिच्यात पंचवटीच्या बाजारातले कांदे. ते माझे. माझी भाजी माझ्या टोपलीतल्या कांद्याची. सुना आल्या तेव्हा हसल्या, मग त्यांनाही सवय झाली.

मी दौलतवर जळतो असं आमच्या घरात बोललं जातं. मी जळत नाही. डोळे आहेत म्हणून दिसतं, एवढंच. त्याने आधी कांद्याची चाळ बांधली, मग डाळिंब लावलं, मग शेततळं केलं, मग घरावर दुसरा मजला चढवला. त्याचे दात अजून त्याचेच आहेत. माणूस साठीनंतर जरा तरी वाकतो की नाही? हा नाही वाकला.

आता जीपचं दुखणं. दिवाळीपासून ती पाणी पिऊ लागली होती. रेडिएटर सकाळी काठोकाठ भरावा, बाजारात जाऊन यावं, की पाणी बोटाला लागत नाही. आणि खाली बघावं तर जमीन कोरडी. थेंब नाही. मी पहाटे दात घासायच्या निमित्ताने जाऊन गुपचूप बाटली ओतायचो. पण माझ्या मुलाने, संजयने, एकदा बघितलं.

"अण्णा, पाणी खाली सांडत नाय म्हणजे आत जातंय. हेड गॅस्केट गेलं असंल. इंजिन खोलावं लागंल. या वयात कशाला? भंगारवाल्याला बोलवू."

या वयात म्हणजे माझ्या की जीपच्या, ते त्याने सांगितलं नाही.

हेड गॅस्केट गेलं की पाणी इंजिनाच्या पोटात जातं आणि धूर होऊन मागून निघतं. तसं असेल तर गाडीचं मरणच. मला रात्रंदिवस तीच भीती होती, आणि भीती होती म्हणून मी नीट तपासत नव्हतो. डॉक्टरकडे न जाणारा माणूस असतो, तसं. पण मुलासमोर तोंडातून निघून गेलं, "आखाजीला मी तुझ्या आईला घेऊन सटाण्याला जातो आणि येतो. वाटेत एकदा जरी गाडी उकळली, तर आल्या आल्या किल्ली तुझ्या हातात. मग बोलव कुणाला बोलवायचं ते."

जीप भंगारात गेली असती तर गेली असती. पण मग त्या ओट्यावर मी अक्कल गहाण टाकली होती, हे सगळ्या सोयऱ्यांत पक्कं झालं असतं.

दिंडोरी, वणी

निघण्याआधी मी एक बंदोबस्त केला. रेडिएटर बारीक पाझरत असेल तर आम्ही जुने ड्रायव्हर त्यात हळद टाकतो. हळद पाण्यात फुगते आणि भेगेत जाऊन बसते. घाटात मी कितीदा हळदीवर गाडी वर काढली आहे. ही अंघोळीला गेली तेव्हा डब्यातली हळद मूठभर घेतली, मग अजून एक मूठ, आणि रेडिएटरमध्ये टाकून ढवळलं. शिवाय घरच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून मागे ठेवलं. तिकडच्या विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये भरलं तर ते घरी नेल्यासारखंच झालं असतं. पाहुणा म्हणून तांब्याभर पिणं वेगळं.

"एवढं पाणी कशाला?" हिने विचारलं.

"उन्हाळा हाय."

"मळ्यात विहीर हाय की."

मी गाडी चालू केली.

नाशिक सोडून दिंडोरीच्या रस्त्याला लागलं की दोन्हीकडे द्राक्षाचे मळे लागतात. ज्यांनी ते जानेवारीत पाहिले असतील त्यांनी मे महिन्यात पाहू नयेत. घड गेलेले, वेली छाटलेल्या, नुसत्या तारा आणि खांब. दिंडोरीला मी चहासाठी थांबलो. ही चहा पीत असताना मी बॉनेट उघडून पाणी पाहिलं. कमी झालं होतं. ओतलं. वणीला मी गडाला हात जोडायला थांबलो. खालून सप्तशृंगीचा डोंगर सरळ उभा दिसतो. ही डोळे मिटून उभी राहिली तेवढ्यात पुन्हा ओतलं.

"आज लय भक्ती आली तुम्हाला," ती डोळे न उघडता म्हणाली.

नांदुरीच्या चढाला इंजिन तापू लागलं. काटा अर्ध्याच्या पुढे सरकला. मी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू घेतली. एका गुलमोहराखाली थांबलो.

"आता काय?"

"फुलं बघ किती आलीत."

"बघितली," ती म्हणाली. मग नाक वर करून म्हणाली, "ओल्या हळदीचा वास येतोय."

"आखाजीचा मुहूर्त हाय. कुणाचं तरी लग्न असंल."

तिने आजूबाजूला बघितलं. एक डोंगर, एक गुलमोहर आणि चार बकऱ्या. मग पदराने तोंड झाकून घेतलं, आणि तिचे खांदे हलत होते.

कळवण

चढ संपून गाडी कळवणच्या बाजूला उतरली की मुलूख बदलतो. हवा कोरडी होते, गिरणेचं पात्र दिसतं, आणि बोली बदलते. कळवणला आम्ही उसाचा रस प्यायलो. रसवाल्याने विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात, भाऊ?" म्हणजे कुठे चाललात. मी उत्तर द्यायच्या आत आमची मंडळी बोलली, आणि अशी बोलली की मी ग्लास हातात धरून बघतच राहिलो. अहिराणी तिची माहेरची बोली. घरी तिच्या तोंडून ती मी कधी ऐकत नाही. इथे रसवाल्याशी तिने आखाजी, कांद्याचा भाव, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळं एका दमात उरकलं, आणि दोनदा मोठ्याने हसली. माझ्याशी ती ज्या भाषेत बोलते त्या भाषेत तिला एवढं हसू येत नाही. मी रसवाल्याकडे बघितलं. माणूस साधाच होता. तरी मला तो आवडला नाही.

पुढे सपाट रस्ता होता. काटा खाली आला. मला वाटलं, हळद बसली.

मळा

दौलत फाटकातच उभा होता. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. मागे त्याची नवी मोटार, तीही पांढरी.

"या भाऊ, या. बठा. इतला उशीर?"

"देवाधर्माला थांबत आलो," मी म्हणालो.

"फुलांनाही थांबलो," ही म्हणाली.

सुमनने आखाजीसाठी अंगण शेणाने सारवलं होतं. मी जीप लांब कडुलिंबाखाली लावायला निघालो, कारण सारवलेल्या अंगणात पाण्याचा थेंब पडला तर नाण्याएवढा डाग दिसतो. दौलत ऐकेना. "थोरल्या जावायची गाडी दारात पाहिजे," म्हणाला. लावावी लागली. लिंबाखाली सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर उभा होता. त्याला कधीची हवा नाही, चाकं मातीत रुतलेली. पण दौलतने तो विकला नाही. येताजाता त्याच्या सीटवर हात टेकतो.

आता आखाजीचं सांगतो. आमच्या नाशिककडे या दिवशी मातीच्या घड्यात पाणी भरून पितरांच्या नावाने ठेवतात, आमरस-पोळी खातात आणि झोपतात. बागलाणात, म्हणजे या सटाण्याच्या बाजूला, हा पोरींचा सण. सासरी गेलेल्या झाडून सगळ्या माहेरी येतात. लिंबाला, आंब्याला दोर बांधून झोके घेतात, आणि झोक्यावर गाणी म्हणतात. बापे मंडळी सावलीत पत्ते खेळत बसतात. आमची मंडळी, चार नातवंडांची आजी, त्या दिवशी झोक्यावर बसली. दौलतने झोका दिला. मी दिला असता, पण मला कुणी विचारलं नाही.

जेवायला खापरावरचे मांडे. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी कल्पना करावी: मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं घातलेलं, आणि सुमन पुरणाची पोळी दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत मोठी करते आणि अलगद खापरावर टाकते. पोळपाट नाही, लाटणं नाही. मांडा एवढा पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. बरोबर आमरस, वर तूप. मी पाहुणा म्हणून पोट भरून जेवलो. तेवढी मुभा मी ठेवलेली आहे.

"दाजी, अजून एक," सुमन म्हणाली.

"पुरे."

"आंबा मळ्यातला शे," दौलत म्हणाला. "इथंच खाऊन घ्या. घरी तर नेणार नाही तुम्ही."

सगळे हसले. ही पण हसली. मी आणखी एक मांडा घेतला.

सकाळी उठून मी आधी जीपखाली वाकून बघितलं. सारवण कोरडं ठणठणीत. एक डाग नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. खाली सांडत नाही म्हणजे संजय म्हणत होता तेच खरं. पाणी आत जातंय.

वर बघितलं तर दौलत दात घासत उभा होता. स्वतःचे दात.

"काय बघतात, भाऊ?"

"काय नाय. घुंगुरटं झालीत."

त्याने मला न विचारता बॉनेटची कडी काढली. माझ्या गाडीच्या बॉनेटला आजपर्यंत माझ्या परवानगीशिवाय कुणी हात लावलेला नाही. त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं, आत बोट घातलं आणि बोट वर धरलं. पिवळं धमक.

"सुमन," त्याने हाक मारली, "बाहेर ये. भाऊंनी जीपला हळद लायेल शे. वऱ्हाड घेऊन आलेत."

सुमन आली, तिच्या मागून आमची मंडळी आली. ही म्हणाली, "तरीच म्हटलं, काल निघताना भाजी पांढरी का झाली. डबा खरवडून नेला ह्यांनी." मग दोघी बहिणी त्या बॉनेटजवळ उभ्या राहून हळदीचं गाणं म्हणू लागल्या, नवऱ्या मुलाच्या जागी जीपचं नाव घालून. दौलत टॉवेलने डोळे पुसत होता, हसून हसून.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "गाडी पाणी पिते. दिवाळीपासून पिते. संजय म्हणतो हेड गेलं. हेड गेलं असंल तर परत गेल्यावर ती भंगारात जाणार, मी शब्द दिलाय. आता हसा."

गाणं थांबलं. ही माझ्याकडे बघत राहिली. पाणी ओततो हे तिला माहीत होतं, शब्द दिल्याचं माहीत नव्हतं.

दौलतने टॉवेल खांद्यावर टाकला. आवाज खाली आणून म्हणाला, "पानी कथा जास ते बघू तर खरं. तुम्ही सांगा, मी करतो."

मला ते बरं वाटलं नाही, पण तो म्हणाला तसंच झालं. मी सांगितलं, त्याने केलं. आधी ऑइलची पट्टी काढली. पाणी ऑइलमध्ये गेलं की ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. पट्टीवरचं ऑइल काळंच होतं. एक झालं. मग होजपाइप दाबून बघितले, क्लिपा बघितल्या, पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं. मग राहिली खरी परीक्षा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं आणि रेडिएटरमध्ये बघायचं. हेड गेलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात, भाताच्या आधणासारखे.

मी स्टार्टर मारला. गाडी चालू झाली. मी सीटवरून उतरलोच नाही.

"भाऊ, येवा ना, बघा."

"तूच बघ."

तो वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि मी समोर सासऱ्यांच्या ओट्याकडे बघत होतो. ओटा आता फरशीचा केलाय त्याने.

"बुडबुडा नही," तो म्हणाला.

"नीट बघ."

"आक्का, तुम्ही बघा. तुमच्या नवऱ्याला माझ्यावर भरोसा नही."

ही पुढे आली, पदर सावरून वाकली. म्हणाली, "पिवळं हाय आणि शांत हाय. खाली उतरा आता."

मी उतरलो आणि बघितलं. पाणी फिरत होतं, पण बुडबुडा नव्हता. हेड शाबूत होतं. मी नाक शिंकरायला लिंबाखाली गेलो आणि जरा उशिराने परत आलो.

"मंग पानी जातं कुठं?" दौलत कमरेवर हात ठेवून म्हणाला. खाली थेंब नाही, आत थेंब नाही. आम्ही दोघं इंजिनावर वाकलो होतो. कंटाळून त्याने पाठ सरळ केली, मान मागे टाकली, आणि तसाच थांबला.

"भाऊ, वर बघा."

बॉनेटची आतली बाजू आमच्या डोक्यावर उभी होती. आणि तिच्यावर, झाकण जिथे येतं बरोबर तिथे, पिवळे शिंतोडे. शेकडो. हळदीच्या दिवशी मांडवाच्या भिंतीवर उडतात तसे.

पाणी खाली जात नव्हतं, वर जात होतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर विरलं होतं. गाडी तापली, चढाला लागली, की झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसून वर उडायची आणि गरम बॉनेटवर तिथल्या तिथे सुकायची. साधं पाणी सुकलं तर डाग राहत नाही. हळदीचा राहतो. मी इतके महिने खाली वाकून बघत होतो. नांदुरीच्या चढावर हिला वास आला तो त्याचाच.

सुमन म्हणाली, "कुकरची रिंग गेल्यावानी झालं की हे."

"मला अंदाज होताच," मी म्हणालो. "म्हणून तर हळद टाकली होती. डाग पडावा म्हणून."

दौलतने ओठ आत ओढून धरले. पण जो डाग सापडला तो हळदीनेच सापडला, हे कुणी नाकारू शकत नाही.

झाकण

आता नवं झाकण पाहिजे, नाहीतर परतीच्या चढाला गाडी उकळणारच. सटाण्याची सगळी दुकानं सणाची बंद, आणि संजयला मी दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणून सांगितलेलं. एक दिवस उशीर झाला असता तर तो म्हणाला असता, गाडी बंद पडली. दौलत लिंबाखाली गेला. सासऱ्यांच्या ट्रॅक्टरचं झाकण त्याने फिरवून काढलं, टॉवेलने पुसलं, जीपवर ठेवून बघितलं. बसलं. रबर जुनं होतं, पण ट्रॅक्टर चालला नव्हता म्हणून विरलं नव्हतं.

"काढ ते," मी म्हणालो.

"का?"

"मळ्यातलं हाय."

"भाऊ, झाकण शे ते."

"झाकण असो नाहीतर पात असो."

दौलत हिच्याकडे बघू लागला. ही जीपच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी एसटीने जाईन. माझ्या बापाची जीप गेली भंगारात तर गेली. ह्यांचा शब्द ऱ्हायला पाहिजे." तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. तिने हे रडतही म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं म्हटलं.

गाडी वाचवायची तर शब्द मोडतो. शब्द ठेवावा तर ज्या गाडीसाठी ठेवला तीच जाते. असा फास मी स्वतःच वळून ठेवला होता.

तोडगा सुमनने काढला. हळदीचं पाणी काढून रेडिएटर धुवायचा म्हणून ती बादली घेऊन उभीच होती. ती म्हणाली, "दाजी, कुणी कुणाला द्यायचं नाही. अदलाबदल. तुमचं झाकण त्या ट्रॅक्टरला लावते. त्याला काय, तो कुठं तापणार शे? आणि हे तुमच्या नाशिकचं पिवळं पानी मी आमच्या लिंबूनीला घालते. तितकंच आमच्या विहिरीचं तुम्ही घ्या. फिट्टमफाट."

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. अदलाबदलीत घेणं येत नाही. बैल बदलतो तेव्हा कुणी दान दिलं म्हणत नाही.

"मापाने," मी म्हणालो. "जेवढं निघंल तेवढंच."

दोघी बहिणींनी तांब्याने मोजून पाणी लिंबोणीला घातलं आणि तेवढंच विहिरीचं बादलीत काढलं. धुण्याला माझ्या कॅनमधलं पाणी वापरलं. दौलतने माझं फाटकं झाकण ट्रॅक्टरला घट्ट बसवलं, जसं काही उद्या नांगरायचं आहे.

मग तो हात पुसत माझ्याजवळ आला. "भाऊ, माझं एक मागणं शे."

मला वाटलं, आता आलं.

"नदीपर्यंत एक चक्कर मारू द्या. मी चालवतो."

"तुझी एवढी मोठी गाडी हाय की."

"ती शे. पण ही मला कधी चालवू दिली नाही. मामांनी किल्ली दिली ती सरळ तुम्हाला. मी एकदा हळूच विचारलं होतं, तर म्हणाले, तुला मळा दिलाय, गाडीवर नजर ठेवू नको."

एवढी वर्षं आखाजीला मी या माणसाच्या घरी येतोय, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने ते सुमनला तरी सांगितलं होतं की नाही कोण जाणे, कारण तीही बघत राहिली.

किल्ली दिली. आरम नदीपर्यंत तो चालवत गेला. पुढे शेजारी ही आणि सुमन बसल्या, मी मागे. माझ्या स्वतःच्या जीपमध्ये मागच्या बाकावर मी पहिल्यांदा बसलो. तिथे लय आदळतं, पॅसेंजर उगाच बोंबलत नव्हते. आणि ऐका, माझ्या हातात दुसरा गिअर कुरकुरतो, कायम कुरकुरतो. त्याच्या हातात तो लोण्यात सुरी जावी तसा पडला. चढावर आवाज नाही, धूर नाही. पन्नास वर्षं ज्या गाडीला जीव लावला ती एका चकरेत त्याची झाली. मी वाकून काटा बघितला. जागचा हलला नव्हता. आनंद मानावा की काय करावं मला कळेना.

नदीवर त्याने गाडी बंद केली, पण उतरला नाही. स्टिअरिंग धरून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. तो रस्ता पुढे कुठे जातो हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी मधल्या आरशात त्याचा चेहरा बघितला. असा चेहरा मी रोज बघतो, दाढी करताना.

"किल्ली," मी म्हणालो.

त्याने जरा वेळाने दिली.

परत

परतीला आम्ही कळवणला थांबलो नाही. नांदुरीचा चढ मी खाली गिअर न टाकता काढला. गुलमोहर आला तशी ही म्हणाली, "आज फुलं नाय बघायची?"

"बघितली एकदा."

वणीला तिने गाडीतूनच हात जोडले. दिंडोरीला चहा प्यायलो, तो फक्त चहासाठी. बॉनेट उघडायला माझे हात शिवशिवत होते, पण मी टपरीच्या बाकावर हातांवर बसून राहिलो.

संजय अंगणातच होता. त्याने माझ्याकडे न बघता रेडिएटरकडे बघितलं, मग आईकडे.

"उकळली?"

"उकळली," ती म्हणाली. "तुझे अण्णा उकळले. गाडी नाय."

त्याने बॉनेटला हात लावून बघितला, काढला, आणि घरात गेला. भंगारवाल्याचं नाव त्यानंतर त्याने घेतलेलं नाही. झाकणाबद्दल आम्ही दोघांनी काही सांगितलं नाही. मागच्या बाकाखालून हिने नेहमीसारखी कांद्याची पिशवी काढली आणि तिच्या टोपलीत ओतली. मी नेहमीसारखं दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटली न घेता जीपजवळ गेलो. झाकण उघडलं. पाणी काठाला होतं, स्वच्छ, विहिरीचं. झाकण लावलं आणि आत आलो. सगळे झोपलेले होते. भाकरी काढली, चटणी घेतली. माझ्या टोपलीत पंचवटीचे कांदे होते, चांगले टणक होते. मी शेजारच्या टोपलीतला एक उचलला, बुक्कीने फोडला, आणि उभ्या उभ्या खाल्ला.